सल्ला सोडून बोला

मुलुंडमध्ये आजारी पडायला फारसं काही लागत नाही; आजारी राहायला मात्र मनुष्यबळ लागतं. ताप आल्याची बातमी लिफ्टमधून खाली पोचायच्या आत वरच्या मजल्यावर काढा उकळायला लागलेला असतो. संध्याकाळपर्यंत पेशंटच्या उशाशी तीन थर्मामीटर, आल्याचे दोन प्रकार, अंगाऱ्याची पुडी आणि बोरिवलीच्या मावसभावाच्या ओळखीतल्या डॉक्टरांचा नंबर जमा होतो. भेटायला येणारा प्रत्येक माणूस पायाकडच्या खुर्चीत बसतो, पेशंटकडे न बघता घरच्यांकडे बघतो आणि विचारतो, "काय देताय?" जे काही देत असू, ते देऊ नये असं त्याचं मत असतं.

या मनुष्यबळात सगळ्यात वरची जागा पन्नाशी ओलांडलेल्या बाईची. सासऱ्यांचा पक्षाघात, सासूबाईंचा खुबा, नवऱ्याचं पित्त आणि मुलांची परीक्षेच्या आदल्या रात्रीची पोटदुखी, एवढा अनुभव तिच्या गाठीशी असतो. डॉक्टर काय सांगणार हे तिला डॉक्टरांच्या आधी माहीत असतं आणि डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं तर डॉक्टर नवीन असतात.

मी अशीच एक बाई. सासूबाईंच्या शेवटच्या वर्षांत त्यांचं सगळं अंथरुणात करावं लागलं. त्या गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येक नातेवाइकाने मला तेच वाक्य ऐकवलं, "तू खरं तर नर्सच व्हायला हवी होतीस." हे वाक्य आपल्याकडे आभारांच्या जागी वापरतात. आभार मानले तर पुढच्या वेळी मदतीला यावं लागेल अशी भीती असते. नर्स म्हटलं की ती जबाबदारी खात्याकडे वर्ग होते. वाक्य बोलणाऱ्यांपैकी कुणाचीच ते खरं व्हावं अशी इच्छा नव्हती. मी मात्र ते मनावर घेतलं. बावन्नाव्या वर्षी घ्यायला दुसरं काही उरलेलं नव्हतं; साड्या पुष्कळ होत्या.

चौकशीच्या खिडकीवर क्लार्कने न विचारताच सांगून टाकलं, "मुलीची बारावीची मार्कलिस्ट लागेल." मी म्हटलं, मुलगी पुण्यात आयटीत आहे, अर्ज माझा आहे. त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा कॉम्प्युटरकडे बघितलं. कॉम्प्युटरला हे कसं सांगायचं, या काळजीत तो पडलेला दिसला.

नर्सिंगचा रूढ रस्ता म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, बोलीत जीएनएम. तीन वर्षांचा डिप्लोमा. बारावी हवी, ती माझी होती. कॉमर्स चालतं, तेही होतं. अडलं ते वयाच्या रकान्यात. प्रवेशाचं वय १७ ते ३५. गावोगाव काम केलेल्या एएनएम ताईंना जीएनएम करायचं असेल तर ही अट शिथिल आहे. पण सासऱ्यांचा पक्षाघात कुठल्याच उपकेंद्राच्या रजिस्टरात नोंदलेला नसल्यामुळे माझी सेवा त्यात धरता येईना.

अशा वेळी माणसाला थोरांची चरित्रं आठवतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२०चा. त्या तारखेला जगभर परिचारिका दिन पाळतात. पंचविशीत त्यांनी सॉल्झबरीच्या रुग्णालयात शिकायला जायचा हट्ट धरला, तर आईवडिलांनी साफ नाही म्हटलं. चांगल्या घरातल्या मुली असलं काम करत नसत. शेवटी १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थला त्यांचं रीतसर शिक्षण झालं, तेव्हा त्या ३१ वर्षांच्या होत्या. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांच्या शुश्रूषेला स्कुटारीला पोचल्या तेव्हा ३४. म्हणजे आईवडील आणखी पाच वर्षं हटून बसले असते तर आपल्या नियमाने दिवा हातात घेतलेल्या बाईलाच खिडकीवरून परत जावं लागलं असतं. हे सगळं मी त्या क्लार्कला समजावून सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यांचा फॉर्म आमच्याकडे आला नव्हता."

पण मुंबईत एक खिडकी बंद झाली की शेजारच्या खिडकीवर रांग लागलेली असते. नर्सच्या एक पायरी खाली रुग्णसहायक असतो. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून राहून गेलेल्या शिक्षणाची सोय करून ठेवली आहे. रुग्णसहायकाचा अभ्यासक्रम तिथेही आहे. शिवाय कौशल्यविकासवाल्यांचा जनरल ड्युटी असिस्टंट आहे, बोलीत जीडीए. या माणसाने इंजेक्शन द्यायचं नाही, सलाइनला हात लावायचा नाही, स्वतःच्या डोक्याने औषध तर अजिबात द्यायचं नाही. बाकी अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, चालवणं, बेडपॅन देणं, मोजणं आणि लिहिणं ही कामं त्याची. थोडक्यात, मी इतकी वर्षं घरी जे फुकट केलं तेच. फरक एवढाच की इथे नापास होण्याची सोय होती. मुलुंड पश्चिमेला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर असा वर्ग निघाला. फी भरून टाकली.

घरी सांगितलं. नवऱ्याने पेपर खाली केला, म्हणजे बातमी मोठी होती. "घरात काही कमी पडतंय का?" असं त्याने विचारलं. काय कमी पडतंय याची यादी द्यायची ती वेळ नव्हती. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, सो प्राउड," आणि लगेच, "पण दिवाळीला येशील ना?" दीर घाटकोपरला असतात. त्यांनी काळजीच्या सुरात नवऱ्याला वेगळा फोन करून शेअरबाजारात काही झालंय का याची चौकशी केली.

सोसायटीत तर्क जास्त रंगले. उपनगरातल्या पन्नाशीच्या बाईला क्लासला जायची पूर्ण मोकळीक आहे. भजन, योग, मंगळागौरीचे खेळ, केक, पैठणीवर रंगकाम, काहीही चालतं. हल्ली हिमालयात जाऊन आलं तरी लोक फोटोला अंगठा दाखवतात. अट एकच: ज्या गोष्टीचा उपयोग होईल ती शिकायची नाही. उपयोगाचं शिकणारी बाई अडचणीत असली पाहिजे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "ह्यांची पेन्शन अडकली का हो?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी माझा हात दाबला. अडकलेली पेन्शन त्यांना जास्त आवडली असती.

वर्गातली मुलं भांडुप, विक्रोळी, दिव्याकडची. बहुतेक अठरा ते बावीस. पहिल्या दिवशी मी आत गेले तर सगळा वर्ग उभा राहिला. मी शेवटच्या बाकावर बसले तेव्हा त्यांनाही बसावं की नाही कळेना. चार दिवस मी "मॅडम" होते, मग "आंटी" झाले आणि डबा उघडल्यावर कायमची "काकू". त्यांना सगळं एकदा ऐकून पाठ व्हायचं. मला तेच तीनदा लिहावं लागायचं आणि मग वही कुठे ठेवली ते आठवावं लागायचं. उलट आजारी माणूस बघून ती कावरीबावरी व्हायची आणि मी नाही. एका मुलीने मला नाडीचे ठोके मोजायला शिकवलं, मी तिला घाण वास आल्यावर चेहरा सरळ कसा ठेवायचा ते शिकवलं. व्यवहार बरोबरीचा झाला.

शिकवायला केरळच्या एक सिस्टर होत्या. मुंबईच्या वॉर्डांमध्ये त्यांची सगळी नोकरी झालेली. त्यांचं मराठी वॉर्डात घडलेलं, त्यामुळे सगळं आज्ञार्थी: वळा. श्वास घ्या. सोडा. तोंड उघडा. रडू नका. अशा मराठीत वाद घालता येत नाही. त्या मला "ताई" म्हणायच्या, पण त्या "ताई"पुढेही "बसा" यायचं आणि मी बसायचे.

पहिला धडा हात धुण्याचा. एवढ्या वयाच्या बाईला हात धुवायला शिकवणं हा अपमान आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा नियम ऐकावेत. तळव्याला तळवा, हाताच्या मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, बोटांची पाठ, अंगठे गोल फिरवून, मग नखं तळव्यावर घासून. साबण-पाण्याचा हा कार्यक्रम ४० ते ६० सेकंदांचा. मुलुंडला पाणी यायच्या वेळा ठरलेल्या. आमचे हात नळाच्या धारेखाली इतका वेळ कधी राहिलेलेच नाहीत. घरी जाऊन मी नवऱ्याला धुवून दाखवायला सांगितलं. अकराव्या सेकंदाला तो टॉवेलपर्यंत पोचला होता.

मग कचरा. महापालिकेने ओला आणि सुका असे दोन डबे करायला सांगितले त्यालाही आता वर्षं झाली, तरी आमच्या सोसायटीत नारळाची शेंडी ओली की सुकी यावर वार्षिक सभेत अर्धा तास जातो. दवाखान्यात २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे चार रंग. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्यात, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात आणि काच निळ्यात. इथे मतदान नसतं. चुकीच्या डब्यात पडलेली सुई कुणाच्या तरी हातात घुसते, एवढं एक वाक्य सिस्टरनी सांगितलं. आमच्या सभेला त्यांना बोलवावं असं मला फार वाटलं.

सीपीआरचा बाहुला आला तेव्हा वर्गात खरी मजा आली. छातीच्या मध्यावर तळहात ठेवून किमान पाच सेंटिमीटर दाब, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. तीस दाब झाले की दोन श्वास. मुलं फोनवर गाणं लावून ताल धरत होती. मला ताल जमला, जोर जमला. प्रश्न बाहुल्याचा नव्हताच. बाहुला जमिनीवर होता, त्यामुळे गुडघ्यांवर बसावं लागत होतं. मी त्याला वाचवला आणि मग मला उठवायला दोन मुली लागल्या. सिस्टर गंभीरपणे म्हणाल्या, "ताई, मदत बोलवणं ही पहिली पायरी आहे. तुम्ही शेवटी केली, पण केली."

आता जिथे माझी बाजू भक्कम होती तेही सांगितलं पाहिजे. माणसाचे श्वास मोजायचे असतात. निरोगी मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. पण "आता तुमचे श्वास मोजते" असं सांगितलं की तो लगेच प्राणायाम करायला लागतो आणि आकडा खोटा येतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी मोजत असल्याचा चेहरा करायचा आणि तिरक्या नजरेने छातीची हालचाल मोजायची. त्याला कळता कामा नये. मुलांना हे जमेना. ती थेट छातीकडे बघत बसायची आणि पेशंट बटणं तपासायचा. मला पहिल्या फटक्यात जमलं. लग्नसमारंभात एकीशी बोलता बोलता दुसरीच्या गळ्यातले तोळे मोजणाऱ्या पिढीतली मी. श्वास तर नुसते ये-जा करतात.

घसरगुंडी झाली ती कागदावर. पेशंटच्या पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा तक्ता ठेवतात. मराठी घरात खाण्याची मापं फार सूक्ष्म आहेत: घोटभर, चतकोर, नखाएवढं, मनाला आलं तेवढं, आग्रह केला म्हणून. यातलं एकही तक्त्यात चालत नाही. ग्लास किती मिलीलिटरचा, त्यातलं उरलं किती, एवढंच लिहायचं. सासूबाई दिवसभर "काही खाल्लं नाही गं" म्हणत आणि मी "खाल्लं की, दोनदा" म्हणे. तक्ता असता तर आमची निम्मी भांडणं बेरजेने मिटली असती.

आणि मग आला शेरा. रुग्णाचं निरीक्षण लिहायला सांगितलं होतं. मी मन लावून पानभर लिहिलं. आजोबा उदास दिसतात कारण सुनेचा फोन आला नाही; मोठा मुलगा येतो पण घड्याळ बघतो; रात्रीचं वरण आंबट असावं; माझ्या मते यांना गरम पाण्याच्या पिशवीने आराम पडेल. सिस्टरनी लाल पेनाने सगळ्यावर एक तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "ताप किती?"

सेवा मला येत होती. तिच्या शेजारी जन्मभर मुक्कामाला असलेली दुसरी एक गोष्ट मात्र तीन वर्षांच्या डिप्लोम्यातही सुटली नसती. आपल्याकडे सेवा आणि सल्ला हे जोडीनेच घरात शिरतात. पाय चेपता चेपता आपण पायाच्या मालकाचं चुकलं कुठे ते सांगतो. पाणी देताना "तेव्हाच सांगितलं होतं" हे सोबत देतो. वर्गातल्या पोरांना मतंच नव्हती, त्यामुळे ती जे दिसलं ते लिहीत: ताप १०१, अर्धी इडली, उलटी एकदा. मी दिसण्यातून सरळ निदानापर्यंत, निदानातून उपचारापर्यंत आणि उपचारातून सुनेपर्यंत पोचत असे.

कोर्सच्या ग्रंथालयात, म्हणजे एका कपाटात, नाइटिंगेलबाईंच्या 'नोट्स ऑन नर्सिंग'ची प्रत होती. १८५९ मध्ये बाहेर आलेलं हे पुस्तक नर्सेससाठी नव्हतंच; घरात कुणाचं तरी आजारपण अंगावर पडलेल्या साध्या बायकांसाठी ते होतं. प्रत्येक बाई कधी ना कधी नर्स असतेच, असं त्या सुरुवातीलाच म्हणतात. वाचून मी सुखावले आणि पुढे चाळत गेले, तर आजाऱ्याला भेटायला येऊन खोटा धीर आणि फुकटचे सल्ले देणाऱ्या माणसांवर एक अख्खं प्रकरण. रुग्णाला काय त्रास होतो हे न विचारता कुठला डॉक्टर, कुठली हवा, कुठलं औषध हे सांगणाऱ्या मंडळींना बाईंनी फोडून काढलं आहे. त्या काळी आजचं मुलुंड वसलेलं नव्हतं, पण मंडळी तीच. आणि लगेच पुढचं प्रकरण निरीक्षण कसं करावं यावर. क्रम बघा: आधी बडबड बंद, मग डोळे उघडे. दिवा घेऊन फिरणारी बाई म्हणून आपण त्यांना ओळखतो. प्रत्यक्षात त्यांचा खरा नाद आकड्यांचा होता. कोण कशाने मेलं याचे तक्ते करून त्यांनी सरकारला हलवलं आणि १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना पहिली महिला सदस्य करून घेतलं. दिव्याचं चित्र काढायला सोपं, तक्त्याचं कोण काढणार?

वय झाल्यावर या वाटेला आलेल्या बायका आपल्याकडेही झाल्या आहेत आणि त्यांच्यापुढे आमचं गुडघेपुराण अगदीच किरकोळ आहे. रमाबाई रानडे आमच्या सोसायटीला माहीत आहेत त्या मालिकेतल्या, 'उंच माझा झोका'मधल्या छोट्या रमा म्हणून. मोठेपणी त्यांनी काय केलं ते विचारलं तर वहिनी म्हणतात, तोवर मालिकेची वेळ बदलली होती. पती न्यायमूर्ती रानडे गेले तेव्हा रमाबाई ३८ वर्षांच्या होत्या. मुंबईची सेवासदन संस्था १९०८ मध्ये सुरू झाली, पुण्याची पुढच्या वर्षी, म्हणजे त्यांच्या ४७व्या वर्षी. त्या सेवासदनातून त्यांनी बायकांना, त्यात कितीतरी विधवांना, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. ज्या समाजात विधवेची सावली चालत नव्हती तिथे तिने परक्या पुरुषाच्या जखमा धुवायच्या! त्या बायकांना जिन्यात गाठून काय काय विचारलं गेलं असेल त्याची कल्पना मला आता करता येते. आणि १८९७च्या प्लेगात पुण्याजवळ मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या, दवाखान्यात रोग्यांना उचलून आणणाऱ्या सावित्रीबाई फुले ६६ वर्षांच्या होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्चला त्या गेल्या. ३५ची अट त्यांना दाखवायची कुणाची छाती झाली नसती.

प्रात्यक्षिकासाठी आम्हाला घाटकोपर पूर्वेच्या एका नर्सिंग होममध्ये पाठवलं. वॉर्डातली नाती घरापेक्षा पक्की असतात. पांढऱ्यातली प्रत्येक बाई सिस्टर, साफसफाई आणि बेडपॅनवाली मावशी, वॉर्डबॉय मामा. बरोबरच्या विशीतल्या पोरी एप्रन घालून आल्या त्या क्षणापासून सिस्टर झाल्या. मी तोच एप्रन घालून आले आणि मावशी झाले. कॉटवरचे साठीचे गृहस्थ मला मावशी म्हणून हाक मारत आणि माझ्या शेजारच्या एकोणीस वर्षांच्या पोरीला अदबीने "सिस्टर, जरा बघता का" म्हणत. ती बिचारी माझ्याकडे बघे, मी बघे.

घाटकोपरचे पेशंट बरेचसे गुजराती, त्यातले कितीतरी जैन. सूपमध्ये बटाटा तर नाही ना, कांदा तर नाही ना, सूर्यास्ताच्या आत जेवण येईल ना, याची चौकशी ऑपरेशनच्या चौकशीपेक्षा कसून व्हायची. सूर्यास्ताची वेळ तक्त्यात लिहायला मी तिथेच शिकले. भेटीच्या वेळी नातेवाईक येत आणि पायाकडच्या खुर्चीत बसून घरच्यांना विचारत, "शुं आपो छो?" भाषा वेगळी, खुर्ची तीच. मी कोपऱ्यात उभी राहून तोंड मिटून चादर बदलत असे. त्या पंधरा मिनिटांत माझा रक्तदाब कुणी मोजला असता तर मलाच भरती करून घेतलं असतं.

सर्टिफिकेट मिळालं. आता नोकरी. उपनगरात सध्या घरोघरी एकच दृश्य आहे: तीन खोल्या, दोन म्हातारी माणसं, मुलं कॅनडाला आणि टेबलावर औषधांचा सात दिवसांचा डबा. अशा घरांना बारा तासांची, चोवीस तासांची माणसं पुरवणाऱ्या ब्युरोंचे बोर्ड अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लागलेले दिसतात. मी घाबरत एका ब्युरोत गेले. वयाचा रकाना भरताना पेन अडखळला. काउंटरवरची बाई वाचून एकदम खूश झाली. "बावन्न? बेस्ट! सगळे विचारतात, मुलगी नको, मोठी बाई पाठवा. मुली मोबाइल बघतात, लग्न ठरलं की जातात. तुमचं लग्न झालंय ना? मुलं मोठी? घरी कुणी लहान नाही? देवा!" शिकायला जी माणसं पस्तिशीच्या आतली हवीत, कामाला तीच पस्तिशीच्या पुढची हवीत. मधल्या काळात त्यांनी नेमकं काय करावं याचा विचार बहुधा कुणी केलेला नाही. आम्ही तो काळ पक्षाघातात आणि खुब्यात घालवला, एवढंच.

सोसायटीत मात्र माझी किंमत घसरली. सुरुवातीला दारावर रांग लागली होती, प्रत्येकाच्या हातात रक्तदाबाचं मशीन. मी शिकलेलं सांगायला लागले: पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेका, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला आणि मोजत असताना बोलायचं नाही, बोललं की आकडा वाढून दिसतो. पहिल्या चार अटी सगळ्यांनी पाळल्या. पाचवी आमच्या विंगमध्ये अजून एकालाही जमलेली नाही. त्या हिशेबाने बी विंगचा खरा रक्तदाब वैद्यकशास्त्राला अज्ञात आहे.

आणि आकडा आल्यावर लोक माझ्या तोंडाकडे बघतात. आता काय घेऊ? गोळी अर्धी करू का? लसूण चालेल का? मी म्हणते, आकडा लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. वहिनींच्या चेहऱ्यावर इतकी निराशा पसरली की मलाच वाईट वाटलं. "अगं, पूर्वी तू पटकन सांगायचीस. एवढा कोर्स करून आता काहीच येत नाही का तुला?" पूर्वी माझ्याकडे सर्टिफिकेट नव्हतं आणि मी सगळ्यांची नर्स होते. आता सर्टिफिकेट आहे आणि सल्ल्याला लोक तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे जातात. ते कुठल्याही आकड्याला मेथीचं पाणी देतात.

म्हणून पन्नाशीत असलं काही करावंसं ज्यांच्या मनात येतं त्यांच्यासाठी माझ्याकडे सल्ला नाही. फक्त तक्ता आहे. अर्थ ज्याचा त्याने काढावा.

गुडघे: दोन. तक्रार चढताना, उतरताना आणि विषय निघाल्यावर.

स्मरणशक्ती: नाडी, श्वास, तापमान यांचे नॉर्मल आकडे तोंडपाठ. चष्मा सापडलेला नाही.

कमाई: महिन्याच्या अखेरीस स्वतःच्या खात्यात. रक्कम नवऱ्याला सांगितलेली नाही. तिरक्या नजरेने त्याने मोजली असावी.

झोप: बारा तासांच्या ड्युटीनंतर गाढ.

सध्याचा पेशंट: वय ८४, अंधेरी पूर्व, शुद्धीवर. दर दोन तासांनी कूस बदलली. पाठीवर लाली नाही. दुपारी मूगडाळीची खिचडी १५० ग्रॅम, ताक १०० मिलीलिटर. मुलाचा टोरांटोहून फोन. मुलाने ताक बंद करायला सांगितलं.

माझं मत: नोंदवलेलं नाही. विचारलंत तर सांगेन.